पिवळ्या रेषेचे दोन धनी : सोडियमची क्रियाशीलता व हेलियमची निष्क्रियता

दि. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्ग, विजापूर या मार्गाने गुंटूरकडे गेली. जमखंडी येथून लेफ्टनंट जॉन हर्शेल व गुंटूर येथून पिएर जान्सेन यांनी सूर्याभोवतीच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात एक ठळक पिवळी रेषा होती. सोडियमची प्रसिद्ध जोडरेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर येथे असते. ही नवी रेषा ५८७.६ वर, म्हणजे अगदी शेजारी असल्याने ती प्रथम सोडियमची वाटणे स्वाभाविक होते. नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबर रोजी इंग्लंडमधून, ग्रहणाविनाच, तिचे निरीक्षण केले व पुढे ती नव्या मूलद्रव्याची असल्याचे प्रतिपादन केले. (लॉकियर विजयदुर्गावर आले होते, ही आपल्याकडील रूढ समजूत यास्तव टिकत नाही.) हेलियम पृथ्वीवर हाती लागण्यास मात्र १८९५ साल उजाडले, विल्यम रॅम्से यांना तो युरेनियमच्या खनिजात सापडला.

वर्णपटातील हे शेजारी स्वभावाने अगदी भिन्न आहेत. वऱ्हाडातील लोणार सरोवराचे पाणी सोडियमच्या क्षारांनी अल्कधर्मी झालेले आहे, परंतु धातुरूप सोडियम निसर्गात कोठेही आढळत नाही. प्रयोगशाळेत तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. हेलियमला अशा कोणत्याही बंदोबस्ताची गरज नसते.

याचे कारण विचारले असता धारणीच्या वर्गात काय किंवा अन्यत्र काय, एकच उत्तर मिळते : अणूला अष्टक पूर्ण करण्याची इच्छा असते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर दिशाभूल करणारे आहे. अणूला इच्छा नसते. असतो तो ऊर्जेचा जमाखर्च. शिवाय हेलियमपाशी आठ नव्हे, दोनच इलेक्ट्रॉन आहेत.

सोडियमही आपला इलेक्ट्रॉन फुकट देत नाही. तो काढण्यास ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनचा अणू तो स्वीकारताना ३.६१ परत करतो. येथवर व्यवहार तोट्याचाच आहे. परंतु विरुद्ध प्रभारांचे आयन मिठाच्या स्फटिकात एकत्र येताना प्रत्येक जोडीमागे सुमारे ८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मुक्त होते आणि तोटा भरून निघतो. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढावयाचा तर ४७.३ लागतील, ती किंमत मिठाचा स्फटिक चुकवू शकत नाही.

सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात, केंद्रकापासून दूर असतो. मधले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण झाकतात. अकरा प्रभारांपैकी जेमतेम अडीच त्याच्यापर्यंत पोहोचतात. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन पहिल्याच कवचात केंद्रकालगत आहेत, व एकमेकांना फारसे झाकत नाहीत. परिणामी त्याची आयनीभवन ऊर्जा २४.६, म्हणजे सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक आहे. बाहेरून इलेक्ट्रॉन घ्यावा, तर पहिल्या कवचात जागा नाही.

निष्क्रियता हा अशा रीतीने केवळ हिशेब आहे, आणि हिशेब बदलू शकतो. झेनॉनची आयनीभवन ऊर्जा १२.१ इतकीच असल्याचे हेरून नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये त्याचे संयुग तयार केले. हेलियम व सोडियम यांचे संयुगही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले : सोडियमच्या दोन अणूंमागे हेलियमचा एक. त्यासाठी वातावरणाच्या सुमारे अकरा लक्ष पट दाब लागतो. आणि तेथेही हेलियम आपले इलेक्ट्रॉन सोडत नाही, सोडियमचेच इलेक्ट्रॉन अणूंमधील पोकळ्यांत कोंडले जातात.