सात मिनिटांचा ब्रेकडाऊन

भोसरीतल्या एका कारखान्यात माझ्या हाती ब्रेकडाऊनचं रजिस्टर आलं. चहा पिता पिता चाळलं. मशीन बंद : १० मिनिटं. १५ मिनिटं. अर्धा तास. परत १५. अख्ख्या वर्षात एकही मशीन सात मिनिटं म्हणून बंद पडलेलं नव्हतं!

माझं काम कारखान्याची नक्कल कॉम्प्युटरवर उभी करण्याचं. पडद्यावर फिरणाऱ्या ट्रॉल्या आणि हलणारे रोबो साहेबलोकांना दाखवायला बरे. खरा मामला घड्याळाचा. मॉडेलमधलं घड्याळ टिकटिक करत नाही, एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारतं. जॉब लागला, जॉब उतरला, टूल तुटलं, शिफ्ट सुटली. मधल्या वेळात काही घडतच नाही, मग तो मोजायचा कशाला? म्हणून महिन्याचं उत्पादन मिनिटभरात चालवून बघता येतं. युक्ती जुनीच आहे. ब्रिटनच्या युनायटेड स्टील कंपनीत के. डी. टोचर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पोलाद कारखान्यांसाठी असा प्रोग्रॅम तयार केला होता.

मालकांचा प्रश्न सरळ होता. ग्राइंडिंगपाशी माल तुंबतो, दुसरं मशीन घेऊ का? रजिस्टरमधल्या 'सेटिंग'च्या, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवण्याच्या, वेळा जशाच्या तशा घातल्या असत्या, तर मॉडेलने 'घ्या' म्हटलं असतं. मी आधी स्पिंडल मोटरच्या वायरवर करंट सेन्सर बसवला. धातू कापला जात असताना मोटर जास्त करंट ओढते, नुसती फिरताना कमी. आलेखात दर सेटिंगनंतर एक छोटा उंचवटा दिसायचा, म्हणजे पहिला पीस. आणि मग लांबलचक सपाट रेघ.

त्या रेघेत काय चाललंय, हे सेन्सरला विचारून उपयोग नव्हता. मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. ऑपरेटर पहिला पीस फडक्यात गुंडाळून क्वालिटी रूममध्ये नेत होता. तिथे तीन लाइनींना मिळून एक इन्स्पेक्टर. मापायला लागायची सहा मिनिटं, पीस परत यायचा पाऊण तासाने. तोवर मशीन गप्प, आणि रजिस्टरमध्ये नोंद : 'सेटिंग'.

इन्स्पेक्टर आळशी नव्हता, उलट त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. अडचण तिथेच होती. पीस कधीही येणार, एकाला कमी वेळ, दुसऱ्याला जास्त. अशा रांगेचं सर्वांत साधं गणित सांगतं की माणूस निम्मा वेळ गुंतलेला असेल तर सहा मिनिटांच्या कामाला सरासरी १२ मिनिटं लागतात. ८० टक्के गुंतला तर ३० आणि ९० टक्के गुंतला तर तासभर. आपल्याकडे कुणी १० टक्के वेळ रिकामा दिसला तरी सुपरवायझरच्या डोळ्यांत खुपतं.

मॉडेलमध्ये दोन पर्याय चालवले, प्रत्येक ५० वेळा, दर वेळी ब्रेकडाऊनचे फासे नवे. दुसरं मशीन घेतलं की रांग ग्राइंडिंगपासून उठून क्वालिटी रूमच्या दाराशी जाऊन बसायची. मशीनपाशीच एअर गेज ठेवून ऑपरेटरने पहिला पीस मापला, तर होतं तेच मशीन पुरत होतं. गेज आलं. मात्र तपासणीची पद्धत बदलायला ग्राहकाची मंजुरी लागते. त्या कागदांत जेवढे दिवस गेले तेवढे मॉडेल बांधण्यातही गेले नव्हते.

नंतर मॉडेलचे आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे जुळू लागले, फक्त शुक्रवार सोडून. दर शुक्रवारी माल कमी. डेटा उलटापालटा केला, सूत्रं तपासली, काही सापडेना. शेवटी ऑपरेटरलाच विचारलं.

"साहेब, गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. शुक्रवारी सकाळी मशीन गार असतं, पहिले पीस मापात बसत नाहीत. मी ते बाजूला काढतो."

"लिहीत का नाही कुठे?"

"रजिस्टरात तसा रकानाच नाही."