ताऱ्यांचे लुकलुकणे थांबवणारा आरसा

नवी मुंबईतल्या गच्चीवरून तारा लुकलुकताना छान दिसतो, पण खगोलशास्त्रज्ञांची ती जुनी डोकेदुखी आहे. गरम-थंड हवेच्या सतत हलणाऱ्या थरांतून येताना प्रकाश वेडावाकडा होतो आणि दुर्बीण कितीही मोठी असली तरी चित्र धूसर होते.

त्यावर उपाय म्हणजे आकार बदलणारा आरसा. पुण्याची खगोलशास्त्र संस्था ‘आयुका’ आणि अमेरिकेतले कॅलटेक विद्यापीठ यांनी मिळून घडवलेली ‘रोबो-एओ’ यंत्रणा २०११पासून कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवर चालली. ती आकाशात लेझर सोडते. हवेतून परतणारा त्याचा उजेड हाच कृत्रिम तारा! तो किती विस्कटला हे मोजून छोट्या आरशामागचे शंभराहून अधिक सूक्ष्म दट्टे त्याचा पृष्ठभाग केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने मागेपुढे करतात, तेही सेकंदाला हजाराहून जास्त वेळा. लेझर अतिनील असल्याने वैमानिकांचे डोळे दिपत नाहीत. ही बारीक काळजी विशेष दाद देण्याजोगी.

माणसाने हात न लावता या यंत्रणेने केप्लर अंतराळ दुर्बिणीने हेरलेले, भोवती ग्रह असावेत असे वाटणारे शेकडो तारे तपासले. एकच वाटणारा ठिपका काही वेळा दोन ताऱ्यांचा निघाला. अशा वेळी त्याच्याभोवतीच्या ग्रहाचा आकारही नव्याने मोजावा लागतो.