विश्लेषण : उड्डाणापूर्वीचे ‘ब्रीफिंग’ इतके महत्त्वाचे का?

विमान जागेवरून हलण्याआधी दोन्ही वैमानिक कॉकपिटमध्ये काही मिनिटे उड्डाणाची उजळणी करतात. यालाच ‘डिपार्चर ब्रीफिंग’ म्हणतात. रोजचाच मार्ग असला, तरी ते उरकून टाकणे किती महागात पडू शकते, हे २००६ मध्ये अमेरिकेत दिसले.

लेक्सिंग्टनमध्ये काय घडले?

२७ ऑगस्ट २००६ रोजी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनहून ‘कॉमएअर ५१९१’ हे विमान भल्या पहाटे, अंधारातच अटलांटाकडे निघाले. परवानगी होती २२ क्रमांकाच्या, सुमारे ७,००० फूट लांबीच्या धावपट्टीची. वैमानिकांनी मात्र विमान २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर नेले. तिची लांबी जेमतेम ३,५०० फूट होती आणि तिच्यावर दिवेही नव्हते. पुरेसा वेग येण्याआधीच धावपट्टी संपली. विमानातील ५० पैकी ४९ जण मृत्युमुखी पडले. वाचला तो एकटा सहवैमानिक.

चूक लक्षात का आली नाही?

धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची दिशा. २२ म्हणजे साधारण २२० अंश, २६ म्हणजे २६० अंश. म्हणजे समोरच्या उपकरणावर सुमारे ४० अंशांचा फरक दिसत होता. दिवे नसल्याचे सहवैमानिकाने बोलूनही दाखवले, पण विमान थांबवले गेले नाही. विमानतळावर बांधकाम सुरू होते, टॅक्सी मार्ग बदलला होता. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) बोट ठेवले ते कॉकपिटमधील शिस्तीवर. टॅक्सी मार्गाचे आटोपते घेतलेले ब्रीफिंग आणि कामाशी संबंध नसलेल्या गप्पा, यांमुळे चुकांना वाव देणारे वातावरण तयार झाले, असा निष्कर्ष मंडळाने काढला.

ब्रीफिंगमध्ये नेमके काय असते?

कोणती धावपट्टी, तिथवर कोणत्या टॅक्सी वेने जायचे, हवामान कसे, उड्डाणानंतर कोणत्या दिशेने आणि किती उंचीपर्यंत जायचे, हे ठरवले जाते. सर्वात कळीचा भाग आणीबाणीचा. ‘व्ही-वन’ या वेगाआधी इंजिन बंद पडले, तर उड्डाण रद्द करून विमान थांबवायचे. त्यानंतर बंद पडले, तर उड्डाण सुरूच ठेवायचे. त्या क्षणी चर्चेला वेळ नसतो. त्यामुळे कोण काय करणार, हे जमिनीवरच ठरलेले असावे लागते.

तोंडपाठ ब्रीफिंग पुरेसे का नाही?

पाठ केलेली वाक्ये म्हणताना लक्ष उडते, ऐकणाराही नुसती मान डोलावतो. म्हणून ‘आज वेगळे काय आहे’ यापासून सुरुवात करण्यावर आता भर दिला जातो. बंद असलेला टॅक्सी वे, ओली धावपट्टी, आडवा वारा, अपुरी झोप अशा धोक्यांची आधी नोंद घ्यायची आणि त्यावरचा उपाय ठरवायचा. सहवैमानिकाला शंका विचारता यावी, हाही ब्रीफिंगचा हेतू असतो.

आपल्याकडे याचा संबंध काय?

मुंबई विमानतळावरील ०९-२७ आणि १४-३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. अशा ठिकाणी, विशेषतः पावसाळ्यात दृश्यमानता घटल्यावर, टॅक्सी मार्गाची उजळणी अधिकच गरजेची ठरते.

लेक्सिंग्टननंतर काय सुचवले गेले?

धावपट्टीवर शिरण्याआधी, ती परवानगी मिळालेलीच धावपट्टी आहे ना, याची दोन्ही वैमानिकांनी खात्री करून घ्यावी, अशी शिफारस एनटीएसबीने केली. उपाय साधा आहे. मात्र ब्रीफिंग मन लावून झाले असेल, तरच नेमके काय पडताळायचे हे दोघांनाही ठाऊक असते.