स्टेशन हॉटेलची मागची खोली

१९६३च्या आरंभी इंग्लंड गोठून गेले होते. त्या थंडीत लंडनलगतच्या रिचमंड स्थानकासमोर, ‘स्टेशन हॉटेल’ नावाच्या पबच्या मागच्या खोलीत, जॉर्जिओ गोमेल्स्की दर रविवारी ब्लूजच्या मैफली भरवीत होता. जॉर्जियात जन्मलेला हा दाढीवाला गृहस्थ या संगीताने पुरता झपाटलेला. पिकाडिलीतला त्याचा क्लब तगला नव्हता. रिचमंडचेही काही खरे दिसत नव्हते.

त्यातच एका रविवारी बर्फाने वाटा अडवल्या आणि ठरलेला डेव्ह हंटचा वाद्यवृंद आलाच नाही. गोमेल्स्की कडाडला. त्याने इयान स्टुअर्ट या पियानोवादकाला थेट कचेरीत फोन लावला आणि पुढचा रविवार त्याच्या मंडळींना देऊन टाकला. लंडनचे जॅझवाले ज्यांना दारात उभे करीत नसत, तीच ही रोलिंग स्टोन्स मंडळी!

२४ फेब्रुवारीला ते वाजवायला उभे राहिले, तेव्हा समोर मोजकीच डोकी होती. तरीही गोमेल्स्की हटला नाही. आठवड्यांमागून आठवडे गर्दी वाढत गेली. पण ती नुसती उभी राहून बघे. ब्लूज गंभीरपणे ऐकायचे असतात, असाच तेव्हाचा शिरस्ता होता. अखेर एका रात्री गोमेल्स्कीचा सहकारी हॅमिश ग्राइम्स टेबलावर चढला आणि हात उंचावून बेभान नाचू लागला. क्षणार्धात सारी खोली उसळली! माझ्या मते खरा शोध लागला तो या क्षणी. चांगला वाद्यवृंद कुठेही सापडला असता. त्याच्या सुरांवर अख्खी खोली थरारून उठू शकते, हे त्या टेबलाने दाखवले. बो डिडलीच्या एका गाण्यावरून क्लबाचे नाव पडले ‘क्रॉडॅडी’.

१४ एप्रिलला गोमेल्स्कीच्या निमंत्रणावरून खुद्द बीटल्स तिथे अवतरले. पुढे त्यांच्यातल्या जॉर्ज हॅरिसनने डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या डिक रो यांच्या कानावर स्टोन्सचे नाव घातले. बीटल्सना नाकारल्याचा डाग कपाळी वागवणारे रो तडक रिचमंडला धावले. मे महिन्यात करार झाला.

पण गोमेल्स्कीच्या हाती काय लागले? वडिलांच्या निधनामुळे तो स्वित्झर्लंडला गेला होता. स्टोन्सशी त्याचा लेखी करार नव्हताच. तेवढ्यात १९ वर्षांच्या अँड्र्यू ओल्डहॅमने एरिक ईस्टनच्या साथीने त्यांची व्यवस्थापकी पटकावली.

त्याच वर्षी क्लब रिचमंडच्या क्रीडामैदानावर हलला. स्टोन्सची जागा यार्डबर्ड्सनी घेतली. या वेळी मात्र व्यवस्थापक स्वतः गोमेल्स्की होता, आणि ऑक्टोबरमध्ये त्या वाद्यवृंदात जो नवा गिटारवादक दाखल झाला, त्या १८ वर्षांच्या पोराचे नाव होते एरिक क्लॅप्टन.