बर्फावरील वेळेची वाटणी : कॅनडाचा ‘कॅनस्केट’ अभ्यासक्रम

बर्फावरील खेळ : लेखांक ६

कृत्रिम बर्फाची रिंक कशी घडवली व राखली जाते आणि तिच्यावरील प्रत्येक तास खर्चिक का ठरतो, याचा विचार मागील लेखांकात झाला. या खर्चाचा परिणाम शिकण्याच्या पद्धतीवरही होतो, कारण बर्फाचा तास महाग असला की तो कोणाला आणि किती मिळावा, हा प्रश्न कौशल्याच्या आधी उभा राहतो. फिगर स्केटिंग, म्हणजे बुटांच्या तळाशी बसवलेल्या पोलादी पात्यांवर तोल साधत वळणे, गिरक्या आणि उड्या संगीताच्या साथीने सादर करण्याचा खेळ, दीर्घकाळ मोजक्यांच्याच आवाक्यात राहिला, त्यामागचे हे एक मोठे कारण होय. कॅनडातील क्लबांमध्ये चालणारा ‘कॅनस्केट’ हा प्रारंभिक अभ्यासक्रम या प्रश्नाला जे उत्तर देतो, ते प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे.

या क्लबांचा उगम सर्वसामान्यांच्या वस्तीत झालेला नाही. ओटावातील मिंटो स्केटिंग क्लब विसाव्या शतकाच्या आरंभी तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांच्या आश्रयाने सुरू झाला. हेच मिंटो १९०५ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे त्यांचे नाव मराठी वाचकाला शालेय इतिहासापासून परिचित आहे. १९४८ मध्ये सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या बार्बरा अॅन स्कॉट याच क्लबात घडल्या. १९१४ मध्ये एका व्यापक स्केटिंग संघटनेचा विभाग म्हणून सुरू झालेली या खेळाची राष्ट्रीय संस्था पुढे स्वतंत्र नावाने वाढली आणि २००० पासून ती ‘स्केट कॅनडा’ म्हणून ओळखली जाते. कॅनस्केट हा तिचाच अभ्यासक्रम असून तो तिच्याशी संलग्न क्लब चालवतात. हे क्लब बहुतांशी ना-नफा तत्त्वावरचे असतात आणि त्यांचा कारभार स्वयंसेवकांनी भरलेली मंडळे पाहतात.

जुन्या शिक्षणपद्धतीच्या केंद्रस्थानी ‘अनिवार्य आकृत्या’ होत्या. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आकृत्या पात्याने बर्फावर कोरायच्या आणि त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जायचे, असा हा सराव, गायनात रागापूर्वी पलटे घोटावेत तसा, खेळाडूचा पाया मानला जाई. मात्र रेषा स्वच्छ दिसण्यासाठी प्रत्येक शिकणाऱ्याला बर्फाचा स्वतंत्र, अस्पर्श तुकडा लागे, आणि त्यामुळे अख्ख्या रिंकवर एका वेळी थोडेच जण सराव करू शकत. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय एकेरी स्पर्धांमधून या आकृत्या वगळल्या गेल्या. त्यांच्यासोबत सूक्ष्म नियंत्रणाची एक कडक शाळा लोपली हे खरे असले, तरी बर्फाच्या खासगी तुकड्यावर उभी असलेली शिक्षणाची कल्पनाही त्यामुळे सैल झाली, हे तितकेच महत्त्वाचे आहे.

कॅनस्केटमध्ये कौशल्यांची विभागणी संतुलन, नियंत्रण आणि चापल्य अशा तीन क्षेत्रांत केलेली आहे. संतुलनात मुख्यतः पुढे सरकणे, पायाने रेटा देणे आणि एका पायावर घसरत जाणे येते. नियंत्रणात थांबणे व मागे सरकणे येते. तर चापल्यात वळणे, उड्या आणि गिरक्या यांचा समावेश होतो. प्रत्येक क्षेत्र सहा टप्प्यांत मांडलेले असून, अगदी नवख्यांसाठी त्यापूर्वी आणखी एक पायरी ठेवलेली आहे, जिच्यात पडणे आणि पडल्यावर आधाराशिवाय उठणे या गोष्टी कौशल्य म्हणूनच शिकवल्या जातात. आधी दोन पायांवर घसरणे, मग एका पायावर. आधी पात्यांनी बर्फ बाजूला सारत थांबणे, मग मागे जाताना थांबणे. आधी जागेवरची दोन पायांची गिरकी, मग एका पायावरची, अशा क्रमाने अभ्यासक्रम पुढे सरकतो.

या क्रमाचे मर्म पात्याच्या रचनेत आहे. फिगर स्केटिंगचे पाते जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते आणि त्याच्या तळाला लांबीच्या दिशेने उथळ खोबण असल्यामुळे त्याला दोन कडा प्राप्त होतात, एक पायाच्या आतल्या बाजूची आणि दुसरी बाहेरच्या बाजूची. शरीर किंचित कलले की पाते एकाच कडेवर टेकते आणि सरळ न जाता वक्र रेषेत वळू लागते. दोन पाय, पुढची व मागची दिशा आणि आतली व बाहेरची कड यांच्या गुणाकारातून आठ मूलभूत कडा मिळतात, आणि या खेळातील बहुतेक हालचाली त्यांच्याच मेळातून घडतात. ‘थ्री टर्न’ या वळणात स्केटर एकाच पायावर दिशा व कड दोन्ही बदलतो आणि बर्फावर इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी खूण उमटते. साल्कोव्ह ही उडी मारण्यापूर्वी अनेकदा हेच वळण घेतले जाते. पात्याच्या पुढील टोकाला असलेले दाते काही उड्यांत टेकू देतात, पण नवशिक्या त्यांच्यावर भार टाकून चालू लागला की तोंडावर आपटतो. म्हणून भार पात्याच्या मध्यावर ठेवण्याची सवय आरंभीच लावली जाते.

तथापि, अभ्यासक्रमाचे खरे वेगळेपण कौशल्यांच्या यादीत नसून तासाच्या आखणीत आहे. प्रशिक्षक आपापल्या जागी थांबतात आणि विद्यार्थ्यांचे गट ठरावीक वेळाने एका क्षेत्राकडून दुसऱ्याकडे सरकतात. एका प्रशिक्षकाकडे एका वेळी दहापेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, असा दंडक आहे. प्रत्येक जागी आखलेल्या मार्गिकेवर मुले एकामागून एक फिरत राहतात, तर रिंकच्या कडेने वेगाचा सराव करण्यासाठी स्वतंत्र वाट मोकळी ठेवलेली असते. सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद अशा उत्तर अमेरिकी रिंकवर तीन प्रशिक्षक असले, तर एका वेळी तीस जण शिकू शकतात आणि त्यांपैकी कोणालाही रांगेत गोठत उभे राहावे लागत नाही. थोडे मोठे, प्रशिक्षण घेतलेले स्केटर ‘कार्यक्रम साहाय्यक’ म्हणून बर्फावर असतात. ते प्रात्यक्षिक दाखवतात, अडलेल्या मुलाच्या सोबत राहतात आणि स्वतःही शिकवण्याची कला आत्मसात करतात. पाचवा टप्पा पूर्ण होईपर्यंत हॉकीचे प्रमाणित हेल्मेट सर्वांना, प्रौढांनाही, सक्तीचे असते.

मूल्यमापनही याच आखणीला धरून होते. परीक्षेचा वेगळा दिवस नसतो. कौशल्य साधले की तेथेच त्याची नोंद होते, एका क्षेत्राचा टप्पा पुरा झाला की फीत मिळते आणि तिन्ही फिती झाल्या की त्या टप्प्याचा बिल्ला मिळतो. त्यामुळे एखादे मूल चापल्यात पुढे आणि नियंत्रणात मागे असू शकते आणि तरीही ते ‘मागे पडलेले’ ठरत नाही. दिव्यांग विद्यार्थ्याला, चाळिशीनंतर प्रथमच बर्फावर उतरणाऱ्या प्रौढाला किंवा भारतासारख्या उष्ण देशातून नुकत्याच आलेल्या कुटुंबातील मुलाला याच लवचीकपणाचा लाभ होतो, कारण तुलना शेजाऱ्याशी न होता ठरलेल्या निकषाशी होते. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या स्पेशल ऑलिंपिक्स चळवळीतही फिगर स्केटिंग असून, तेथे स्पर्धकांना समान क्षमतेच्या गटांत विभागण्याचे तत्त्व पाळले जाते. समावेशाचा विचार प्रारंभिक वर्गापुरता थांबला नाही, हेही नोंदवले पाहिजे: जोडी व आइस डान्स प्रकारांतील संघ एक स्त्री व एक पुरुष यांचाच असावा ही अट काढून ‘दोन स्केटर’ अशी व्याख्या करण्याचा निर्णय स्केट कॅनडाने देशांतर्गत स्पर्धांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कॅनस्केटनंतर फिगर स्केटिंगकडे वळणारे विद्यार्थी ‘स्टार’ नावाच्या श्रेणीत जातात, तेथे उड्या-गिरक्यांचा स्वैर स्केटिंग प्रकार, आइस डान्स आणि मूलभूत कौशल्ये यांचा स्वतंत्र अभ्यास सुरू होतो आणि सामूहिक वर्गांची जागा हळूहळू वैयक्तिक शिकवणी घेते. ती शिकवणी, अधिक बर्फाचे तास, पायाला बेताचे घट्ट बसणारे बूट आणि वेगळी घ्यावी लागणारी पाती यांचा खर्च वाढत जातो, आणि प्रवेशाच्या वेळी रुंद असलेला दरवाजा वरच्या पातळीवर पुन्हा अरुंद होतो. स्टारच्या पहिल्या पाच पातळ्यांचे मूल्यमापन क्लबमधील प्रशिक्षकच करतात. यामुळे परीक्षेचा ताण कमी होतो, परंतु निकषांची समानता सर्वत्र राखण्याची जबाबदारीही वाढते.

महाराष्ट्रापुरता विचार केला, तर बर्फाच्या रिंकपेक्षा चाकांवरील कलात्मक स्केटिंग येथे अधिक जवळचे आहे. बुटाला चार चाके आणि पुढे अडथळ्याचा रबरी गट्टू असला, तरी आतली-बाहेरची कड, थ्री टर्न, साल्कोव्ह व अॅक्सल या उड्या तेथेही त्याच नावांनी शिकवल्या जातात. म्हणून कॅनस्केटमधून घेण्याजोगी गोष्ट बर्फावर अवलंबून नाही. मैदान लहान, प्रशिक्षक थोडे आणि मुले पुष्कळ असतील, तेव्हा प्रत्येक मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष हालचालीची किती मिनिटे येतात, हे मोजले तरी वर्ग कोणासाठी चालतो याचे उत्तर मिळते. सर्वांना प्रवेश देणारा वर्ग बहुतेकांना रांगेत उभे ठेवत असेल, तर तो सर्वसमावेशक म्हणता येणार नाही. पुढील लेखांकात आकृत्या वगळल्यानंतर स्पर्धेतील गुणदानाची पद्धत कशी बदलत गेली, याचा आढावा घेतला जाईल.