मीठ, साखर आणि पटकी

पावसाळा सुरू झाला की ठिकठिकाणी जुलाब-उलट्यांची साथ येते आणि वर्गातली हजेरी रोडावते. अशा वेळी अनेक घरांतून एक सल्ला हमखास ऐकू येतो: 'पोराला जुलाब होताहेत ना? मग पाणी देऊ नका. जेवढे द्याल तेवढे बाहेर पडेल.' वरवर पाहता हे पटण्यासारखे वाटते, पण या समजुतीपायी मुलांचे जीव जातात. ती चुकीची का आहे हे कळण्यासाठी आजारी आतड्यात काय घडते ते पाहायला हवे. उदाहरणासाठी आपण पटकी, म्हणजेच कॉलरा, हा रोग घेऊ.

पाण्याचा हिशेब

आपण रोज अन्नातून आणि पिण्यातून सुमारे २ लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून त्यात आणखी सुमारे ७ लिटरची भर पडते. मलावाटे मात्र जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. बाकीचे सगळे आतडे परत शोषून घेते.

हे शोषण होते कसे? पाणी थेट ओढून घेणारा पंप पेशींकडे नसतो. पेशी क्षार इकडून तिकडे नेतात आणि क्षारांमागोमाग पाणी जाते. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की तिला पाणी सुटते. तत्त्व तेच. क्षार जिकडे जास्त, तिकडे पाणी धावते.

जंतू नेमके काय करतो?

पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात तो शोधून वेगळा केला. दूषित पाण्यातून तो पोटात जातो. जठरातल्या आम्लात बरेचसे जंतू मरतात. जे वाचतात ते लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात. ते पेशींच्या आत शिरत नाहीत की अस्तर कुरतडत नाहीत. मग इतके जुलाब होतात कशाने?

याचे उत्तर कोलकात्याच्याच शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दिले. जंतू वाढवलेल्या द्रवातून त्यांनी जंतू गाळून काढले आणि उरलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. जंतू नसतानाही तो तुकडा पाण्याने फुगला. म्हणजे हा प्रताप जंतूने बाहेर सोडलेल्या विषाचा होता.

हे विष पेशीत शिरून तिथली एक रासायनिक कळ 'चालू' स्थितीत अडकवून ठेवते. त्यामुळे सायक्लिक एएमपी नावाचा पदार्थ साचत जातो आणि पेशीची क्लोराइडची दारे उघडीच राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते, त्यामागून सोडियम जाते आणि त्या दोघांमागून पाणी. शिवाय क्षार शोषून घेण्याचा एक नेहमीचा मार्गही बंद पडतो. तीव्र पटकीत मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला १ लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे काम थांबवतात आणि काही तासांत मृत्यू येऊ शकतो. आतडे शाबूत असताना रोगी दगावतो, तो पाणी आणि क्षार गमावल्यामुळे.

दुसरे दार

आता महत्त्वाची गोष्ट. आतड्याच्या पेशीला सोडियम आत घेण्याचे आणखी एक दार असते. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. पटकीच्या विषाचा या दारावर परिणाम होत नाही. नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी दिले तर ते पुरेसे शोषले जात नाही. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली की हे दार उघडते, आणि पाणीही आत येते.

याची मोठी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावण्यांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत भरून ठेवले. रोग्यांचे नातेवाईकच ते पेल्यापेल्याने पाजत. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. हीच आपली जलसंजीवनी.

वर्गात काय करता येईल?

आम्हाला वाटते, हे मिश्रण प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः करून पाहावे. १ लिटर उकळून गार केलेले पाणी, ५ मिलिलिटरच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. प्रमाण नेमके का हवे, हेही मुलांना विचारा. मीठ जास्त झाले तर बाळाच्या जिवाला धोका असतो, आणि साखर जास्त झाली तर काकडीसारखे पाणी उलट आतड्यातच ओढले जाते. दवाखान्यातल्या पुडीत पोटॅशियम आणि सायट्रेटही असते, म्हणून मिळेल तेव्हा तीच वापरावी. तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे.

दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत, शरीराची झीज भरून निघते. हे ठाऊक नसल्याने 'गुण येत नाही' म्हणून लोक ती मध्येच सोडतात. ती देत राहावी आणि अंगावरचे दूधही चालू ठेवावे. दुसरे असे की शौचातून रक्त पडत असेल, मूल पिऊ शकत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. रक्ती आवेत शिगेलासारखे जंतू खरोखरच अस्तरात शिरतात, आणि त्यावर वेगळे औषध लागते.

शेवटी वर्गासाठी एक प्रश्न. आजारी माणसाला मीठ घातलेली भाताची पेज देतात. तिच्यात साखर नसते, तरीही ती उपयोगी का पडते? पिष्टमय पदार्थ पचल्यावर त्यांचे काय होते, तिथून विचार सुरू करा.