घरगुती बिनतारी प्रक्षेपक



नभोवाणीचा संच आपण नित्य ऐकतो. परंतु आपलाच आवाज आकाशात सोडणारे यंत्र घरच्या टेबलावर बांधता येते, ही गोष्ट अनेकांस नवलाची वाटते. वस्तुतः असे यंत्र थोड्या व सोप्या भागांचे असते. त्याची रचना आणि ते बांधणाऱ्यावर येणारी जबाबदारी, या दोहोंचा आज थोडक्यात विचार करू.

आरंभीच एक शंका येते. आवाज मोठा करून तोच तारेत का सोडू नये? मनुष्याच्या बोलण्यातील उपयुक्त आंदोलने सेकंदाला सुमारे ३०० ते ३,००० असतात. विद्युल्लहर सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावते. तेव्हा ३,००० आंदोलनांच्या लहरीची लांबी १०० किलोमीटर होते. तिच्यासाठी निम्म्या लांबीची आकाशतार उभारू म्हटले, तर ती नगराहून निघून जवळजवळ शिरूरपर्यंत जाईल! म्हणून आवाजास एका जलद लहरीवर बसवून धाडावे लागते. तिला वाहक लहर म्हणतात.

ही लहर निर्माण करणारा पहिला भाग म्हणजे आंदोलक. माजघरातील झोपाळा एकदा ढकलून सोडला तर हळूहळू थांबतो. पण प्रत्येक फेरीस नेमक्या क्षणी हलकासा धक्का मिळाला, तर तो अखंड चालतो. आंदोलकात एक ट्रान्झिस्टर हा धक्का देतो, आणि गारगोटीच्या जातीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक चिमुकला स्फटिक झोक्याचा ताल राखतो. बारा व्होल्टची बॅटरी, ट्रान्झिस्टर, स्फटिक आणि चारदोन रोध व धारित्रे एवढ्यावर हे काम भागते.

दुसरा भाग शक्तिवर्धक. तो आंदोलकाची क्षीण लहर एकदोन वॅटपर्यंत वाढवितो. तिसरा भाग गाळणी. वर्धकातून मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट आंदोलनांच्या उपलहरीही निघतात. त्या तशाच सुटल्या तर दुसऱ्याच्या संदेशात खरखर होते. वेटोळी व धारित्रे यांची गाळणी त्यांना अडविते. नवशिक्या बहुधा हाच भाग गाळतो. परंतु सभ्य प्रक्षेपकाची ओळख येथेच पटते.

चौथा भाग आवाजाचा. मायक्रोफोनमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट मिळतात. एकदोन ट्रान्झिस्टरांचा ध्वनिवर्धक त्यांना मोठे करतो, आणि त्या मानाने वाहक लहरीचा जोर कमीअधिक होतो. आरंभी हा भाग वगळून मोर्स कळीवर काम करणे उत्तम; कारण तेवढ्याच शक्तीत कळीचा संदेश अधिक दूर समजतो. या भागांस आकाशतार जोडली की प्रक्षेपक पुरा झाला.

या विद्येचा एक धागा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी जुळलेला आहे. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले. पुढे ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पुढाऱ्यांची धरपकड झाली. नेहरू, पटेल, आझाद प्रभृतींस आपल्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. पुढाऱ्यांचा आवाज असा कोंडला गेला असता, त्याच महिन्यात मुंबईत एक गुप्त नभोवाणी बोलू लागली. ती काँग्रेस रेडिओ. उषा मेहता व त्यांचे सहकारी ती चालवीत; यंत्राची बाजू नरिमन प्रिंटर यांनी सांभाळली होती. पोलिसांना चुकविण्यासाठी जागा वरचेवर बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला, आणि खटल्यात उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली.

या केंद्राची लहर ४२.३४ मीटरची होती. तीन लक्षास तिने भागले असता सुमारे ७,०८५ किलोसायकल येतात. आज भारतातील हौशी लोकांस दिलेला ७,००० ते ७,२०० किलोसायकलांचा पट्टा नेमका हाच होय! या लहरीची निम्मी लांबी २१ मीटर. व्यवहारात शेकडा पाच कमी धरून वीस मीटर तार पुरते. दोन्ही बाजूंस दहा दहा मीटर तार ताणण्याइतकी जागा पुष्कळ गच्च्यांवर सापडते. अनुकूल वेळी एक वॅटचा मोर्स संदेशही तेथून शेकडो किलोमीटर जातो.

मात्र कोणी म्हणेल, उषाबाईंनी परवाना कोठे घेतला होता? हा युक्तिवाद फसवा आहे. त्या काळी परकी सत्तेने सर्व तोंडे बंद केली होती. आज परीक्षा देऊन शाळकरी मुलासही रीतसर परवाना मिळू शकतो. शिवाय आकाश सर्वांचे सामायिक आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राच्या महालाटेने अंदमानाचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे योगायोगाने आलेल्या हौशी चमूने आपल्या बिनतारी यंत्रांवरून निरोप पोचविले. अशा घटकेस कोणा अजाण मनुष्याचा बेसुमार प्रक्षेपक त्याच लहरीवर खरखरत राहिला, तर एखाद्या बुडत्याची हाक विरून जाईल.

म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम ग्राहक संच बांधून ऐकावे. मग मोर्स व नियम शिकून परीक्षा द्यावी. प्रक्षेपकाची जुळणी चालू असता आकाशतारेच्या जागी पन्नास ओहमचा पुरेसा दणकट रोध जोडावा, म्हणजे शक्ती उष्णतेत जिरते आणि बाहेर उपद्रव होत नाही. परवाना हाती आल्यावरच तार जोडावी, आणि बोलण्यापूर्वी ती लहर मोकळी आहे ना, हे कान देऊन पाहावे. घरात एखादा मुलगा वा मुलगी डाग देण्याची कढई-तार मागू लागली, तर वडीलधाऱ्यांनी पसाऱ्याची तक्रार न करता टेबलाचा एक कोपरा तिला द्यावा. सोबत हा क्रमही समजावून सांगावा.